स्तन्यत्याग आणि पाठचे भावंड

मूल दीड वर्षाचे झाले, अजून अंगावर पीत आहे, आणि आईला दुसऱ्या अपत्याची इच्छा आहे. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा सल्ला ठरलेला असतो : आधी दूध तोडावे. स्तनाग्रास कडुनिंब वा कोरफड लावून मूल एकाएकी तोडण्याची रीतही आपल्या परिचयाची आहे. ह्या सल्ल्याच्या मुळाशी दोन समजुती आहेत. स्तन्यपान चालू असेतोवर गर्भ राहत नाही, ही पहिली; गर्भवतीचे दूध पित्या मुलास बाधते, ही दुसरी. दोन्ही अगदीच निराधार नाहीत. तथापि दोहोंतही खरे कारण कोठे आहे, हे पाहावयास हवे.

गर्भधारणा लांबते ती दुधामुळे नव्हे, तर मुलाच्या चोखण्यामुळे. चोखण्याने उत्पन्न होणाऱ्या संवेदना मेंदूतील अधोथॅलॅमसापर्यंत पोहोचतात व तेथून ठराविक अंतराने होणारा हॉर्मोनस्राव विस्कळीत करतात. परिणामी पोष ग्रंथीकडून अंडाशयास मिळणारी प्रेरणा अपुरी पडते आणि अंडमोचन थांबते. अर्थात मूल किती वेळा व किती अंतराने पिते, ह्याला विशेष महत्त्व आहे. कॉनर आणि वर्थमन ह्यांनी १९८० साली कालाहारी वाळवंटातील कुंग लोकांसंबंधी प्रसिद्ध केलेले संशोधन ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील मुले तेव्हा दिवसभरात दर तासाला अनेकदा, पण थोडा थोडा वेळच पीत. आणि दोन अपत्यांतील अंतर चार वर्षांच्या आसपास असे.

१९८८ साली इटलीतील बेलाज्जो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ह्या नैसर्गिक संरक्षणाच्या तीन अटी सांगितल्या : मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, त्याचे पोषण पूर्णतः वा जवळजवळ पूर्णतः स्तन्यावर असावे आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही पाळल्या गेल्यास संरक्षण ९८ टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे उष्टावणानंतर मूल जसजसे अन्नाकडे वळते, तसतसा हा निर्बंध सैल होऊ लागतो. दिवसातून दोन-तीनदा पिणाऱ्या मुलाच्या आईची पाळी पुष्कळदा परतलेली असते. आरंभीच्या काही चक्रांत अंडमोचन होत नाही, किंवा पीतपिंड दुर्बळ राहतो. पुढे चक्र स्थिरावते. तेव्हा पाळी नियमित झाली असल्यास केवळ गर्भधारणेसाठी दूध पूर्ण तोडण्याची गरज सहसा नसते. ती परतली नसल्यास पाजण्याच्या वेळा, विशेषतः रात्रीच्या, हळूहळू कमी करणे बहुधा पुरते. किती वेळा पाजल्यास पाळी परतेल, ह्याचा सर्व स्त्रियांना लागू पडणारा आकडा मात्र नाही.

दुसरी समजूत फार जुनी आहे. गर्भिणीचे स्तन्य पिणाऱ्या बालकास होणाऱ्या 'पारिगर्भिक' नामक रोगाचे वर्णन माधवनिदानात आहे. अग्निमांद्य, कृशता व पोटाची वाढ ही त्याची लक्षणे. विसाव्या शतकात डॉ. सिसिली विल्यम्स ह्यांनी गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानामधील, मुलांत सूज व क्षीणता आणणारा एक रोग पाहिला. १९३३ साली त्यांनी त्याचे वर्णन केले आणि १९३५ साली 'क्वाशिओरकोर' हे त्याचे स्थानिक नाव वैद्यकात रूढ केले. पाठचे भावंड आल्याने पदच्युत झालेल्या मुलाचा रोग, असा त्या नावाचा आशय. हे दोन्ही रोग एकच, असे म्हणता येणार नाही. पण प्रसंग एकच आहे. मुलाच्या वाट्यास येणाऱ्या मक्याच्या निकस अन्नाकडे विल्यम्स ह्यांनी बोट दाखविले. गर्भारपणात दूध आपोआप घटते, त्याची चवही पालटते, आणि अनेक मुले स्वतःच पिणे सोडतात. धोका आहे तो त्या जागी पुरेसे सकस अन्न न मिळण्यात.

प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या तज्ज्ञबैठकीची शिफारस आहे. आणि स्तन्यपान दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालावे, असेही ती संघटना सांगते. ह्या दोन कालमर्यादा एकमेकींस पूरक आहेत. ज्या स्त्रीस वयामुळे इतके थांबणे परवडत नाही, तिची अडचण खरी आहे. पण तिलाही कडुनिंबाची गरज नाही. एकेक वेळ सोडवीत जावी, आणि सोडविलेल्या प्रत्येक वेळेच्या जागी मुलाच्या ताटात काय पडते ते पाहावे. येणाऱ्या बाळासाठी जागा करावयाची ती आधीच्या मुलाला उपाशी ठेवून नव्हे.