तलवारीवर नाव कुणाचं?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात एक तलवार विक्रीला आली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती मिळवली. वाहतूक, विमा धरून खर्च ४७.१५ लाख रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी स्टेटसही ठेवला असेल. तलवार रघुजी भोसल्यांची. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक ते हेच. तुम्ही वडनेर भोलजीहून नांदुऱ्याला किंवा मलकापूरला कॉलेजला जात असाल, तर तुमची एसटी ज्या वऱ्हाडातून धावते, त्याचा महसूल एके काळी हे भोसले आणि निजाम असे दोघेही वसूल करायचे. म्हणजे तलवार तशी आपल्या घरचीच. (दोन-दोन मालकांना सारा भरणाऱ्या आपल्या खापरपणजोबांना ती बघून कितपत आनंद झाला असता, हे सोडा!)

आता त्या पात्याकडे नीट बघा. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजी भोसल्यांचं नाव आहे, सेनासाहेबसुभा हा किताब आहे आणि शेवटी एक शब्द आहे, ‘फिरंग’. फिरंग म्हणजे युरोपात घडलेलं सरळ पातं. ती पाती समुद्रमार्गे यायची, इथे त्यांना देशी मूठ बसायची. या तलवारीची मूठ मुल्हेरी, सोन्याचं काम केलेली. म्हणजे पातं एका खंडातल्या कारागिराचं, मूठ दुसऱ्या खंडातल्या, आणि नाव तिसऱ्याचंच, जो ती कमरेला लावणार त्याचं. मूठ घडवणारा कोण, सोन्याची अक्षरं बसवणारा कोण? तलवार याबद्दल काही बोलत नाही.

जपानमध्ये याच्या उलट रीत. तिथे नाव कोरतो लोहार. तेही दिसेल असं नाही, तर मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर. बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की सही दिसते. त्या भागावरचा गंज कधीच घासत नाहीत, कारण गंजाच्या रंगावरूनही वय ठरतं. झालं तर मग, प्रश्न मिटला, असं वाटेल तुम्हाला. पण खरी गंमत इथेच सुरू होते.

हिझेन प्रांतात तादायोशी नावाचं लोहारांचं घराणं होतं. पहिला तादायोशी १६३२ मध्ये वारला, तेव्हा मुलगा तादाहिरो जेमतेम अठरा वर्षांचा. तुमच्याच वयाचा म्हणा ना. त्याने भट्टी सांभाळली आणि साठ वर्षं सांभाळली. १६९३ मध्ये गेला, तेव्हा तो ऐंशीला टेकला होता. विचार करा, जाडजूड पोलाद तापवायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं, हे त्या वयात कोण करणार? करत होता त्याचा मुलगा, तिसरा तादायोशी. घडवायचा मुलगा, नाव जायचं बापाचं. जपानी भाषेत याला ‘दाइसाकु’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने केलेलं काम. कधी कधी सहीसुद्धा शिष्यच कोरायचा, गुरूच्या परवानगीने. याला तिथले जाणकार बनावट मानत नाहीत. बनावट सही वेगळी, तिच्यासाठी वेगळा शब्द आहे.

हा मुलगा १६८६ मध्ये, बापाच्या आधीच गेला. स्वतःचं नाव कोरलेल्या त्याच्या तलवारी थोड्याच आहेत. आणि मजा म्हणजे जाणकार त्याचा हात बापापेक्षा सरस मानतात! म्हणून तादाहिरोच्या उतारवयातलं पातं हातात आलं की ते सहीवर थांबत नाहीत. धारेलगतच्या पांढऱ्या रेषेचं वळण, पोलादाचा पोत, छिन्नीचा घाव कोणत्या बाजूने पडलाय, सगळं बघतात आणि मग म्हणतात, हे मुलाचं दिसतंय.

मला विचाराल तर त्या मुलावर अन्याय झाला, असं एका दमात म्हणता येत नाही. घराण्याचं नाव चाललं म्हणून भट्टी चालली, आणि भट्टी चालली म्हणून तो शिकला. पण आयुष्यभर? चार जणांचा ग्रुप प्रोजेक्ट एकाने रात्रभर जागून करायचा आणि पहिल्या पानावर चौघांची नावं, एवढ्यानेच आपला जीव जळतो. त्या एकाचं नावच नसेल तर?

आपल्याकडे असं उदाहरण शोधायला भट्टीपाशी जायची गरज नाही, पैठणला जा. एकनाथांनी उतारवयात भावार्थ रामायण लिहायला घेतलं. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ मध्ये नाथ गेले. उरलेला ग्रंथ गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला, असं परंपरा सांगते. पुरणपोळीपायी नाथांच्या घरी राहिलेला, सगळे ज्याला वेडा समजत तो हा गावबा. पुढच्या ओव्यांतही त्याने मुद्रा स्वतःची घातली नाही, गुरूचीच ठेवली.

ग्रंथ गावातल्या एखाद्या मंदिरात किंवा कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल. युद्धकांड काढा, ४४ वा अध्याय वाचा, मग लगेच ४५ वा. कुठे हात बदललाय ते तुम्हाला कळतंय का, बघा.