संतपद : चमत्काराआधीची चौकशी

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेऊन परतणाऱ्या अनेकांना वाटते, की शरीर इतकी शतके टिकले म्हणूनच ते संत ठरले. आजच्या नियमांत शरीर टिकणे ही संतपदाची कसोटी नाही. ते चमत्कारातही धरत नाहीत.

पोपच्या मनात आले की कोणीही संत होतो, हाही गैरसमजच. शेवटचा शब्द पोपचा खरा, पण सुरुवात होते धर्मप्रांतात, एरवी मृत्यूला पाच वर्षे उलटल्यावर. बिशपांच्या देखरेखीखाली साक्षी नोंदवल्या जातात, त्यात विरोधात बोलणाऱ्यांच्याही. पत्रे, टिपणे, प्रवचने, सगळे लिखाण वाचले जाते. हे मोहोरबंद दप्तर रोमला जाते. तिथल्या छाननीत त्या व्यक्तीचे सद्गुण असामान्य ठरले, तर पुढची पायरी. चमत्काराचा निवाडा त्यानंतर.

आणि घोटाळा सर्वांत जास्त होतो तो या चमत्काराबाबतच. ‘हा चमत्कार आहे का?’ असे डॉक्टरांच्या मंडळाला विचारतच नाहीत. आजार गंभीर होता का, गुण लवकर, पूर्ण आणि कायमचा आला का, आजच्या वैद्यकात त्याचे कारण सापडते का, एवढेच त्यांनी सांगायचे. कारण सापडले, की ते प्रकरण चमत्कार म्हणून पुढे जात नाही. श्रद्धेच्या कामात शास्त्राला दिलेला हा नकाराधिकार मला फार मोलाचा वाटतो. ‘धन्य’ जाहीर होण्यासाठी असा एक चमत्कार लागतो, संतपदासाठी त्यानंतरचा आणखी एक. धर्मासाठी प्राण दिलेल्या हुतात्म्यांना पहिल्याची अट नाही.

या नियमांना अपवादही होतात. मदर तेरेसा यांच्यासाठी पाच वर्षांची अट शिथिल झाली. १९९७ मध्ये त्या वारल्या, २०१६ मध्ये संत झाल्या. उलट गोव्यातल्या बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ पाहा. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केला असताना ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले, लपतछपत लोकांपर्यंत पोचले, कँडीत कैदही भोगली. १७११ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये ते ‘धन्य’ ठरले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून कोलंबोत त्यांना संत जाहीर केले. तोवर ३०४ वर्षे लोटली होती. एवढ्या विलंबाने त्यांचे संतपण कमी होत नाही, कारण चर्चच्या शिकवणीप्रमाणे पोप कोणाला संत ‘करत’ नाहीत. ती व्यक्ती स्वर्गात आहे, एवढे अधिकाराने जाहीर करतात. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, अशा संतांसाठीही चर्च दरवर्षी १ नोव्हेंबरला सण पाळते.