गीताईआधीची पंधरा वर्षे

विनोबांच्या गीताईची, म्हणजे त्यांनी मराठी पद्यात आणलेल्या भगवद्गीतेची, जन्मवेळ नोंदलेली आहे. ७ ऑक्टोबर १९३०, पहाटे पाच. वर्ध्याच्या आश्रमातली प्रार्थना आटोपून ते लिहायला बसले आणि ६ फेब्रुवारी १९३१ला काम पुरे झाले. सातशे श्लोक, चार महिने. या झपाट्याचे कौतुक बरेच होते. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या पंधरा वर्षांचे, कारण हे काम सांगून झाले होते १९१५च्या सुमारास. सांगणारी होती आई.

बडोद्याच्या घरी रुक्मिणीबाईंना गीता कळून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही जड गेली. याहून सोपे मराठीत काही नाही, असे त्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग तूच का करत नाहीस? तुला जमेल.

हे सांगितले कोणाला, तर कविता लिहून जाळणाऱ्याला! विनोबा तेव्हा एकेका कवितेवर तासन् तास घालवीत आणि मनासारखी उतरली की ती विस्तवात टाकीत. एकदा आईने ते पाहिले. मी तर अजून ऐकलीही नाही, म्हणाली. तेव्हापासून आधी आईला वाचून दाखवायची, मग जाळायची, असा रिवाज पडला. पुढे काशीत विस्तवाची जागा गंगेने घेतली.

याला वैराग्य म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. असेलही. पण फसलेली कविता फाडणारे घरोघरी सापडतात. जमलेली जाळणाऱ्याची शंका निराळी. आपल्याला लिहिता येते का, हा विनोबांचा प्रश्न नसावाच. आपले लिहिणे दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल का, हा असावा. असल्या शंकेला एकट्याने खोलीत बसून उत्तर सापडत नाही.

१९१६मध्ये त्यांनी घर सोडले. मग साबरमती, मध्ये वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे अध्ययन. १९१८मध्ये आई गेली. ८ एप्रिल १९२१ला, गांधीजींच्या सांगण्यावरून आणि जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे, ते आश्रम चालवायला वर्ध्याला आले.

लिहिणे रुळले ते इथे. जानेवारी १९२३मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक सुरू केले. त्यात उपनिषदांवर लिहिले. पुढे त्याचे साप्ताहिक झाले, तेव्हा संतांच्या अभंगांवर लिहिले. गीताईच्या गोष्टीत या मासिकाला कोणी फारसे विचारत नाही. पण अंकाला मजकूर लागतो, तो वेळेवर लागतो, आणि छापखान्यात गेलेला कागद विस्तवात टाकता येत नाही. आईचा शब्द मनात होताच. हाताला वळण लावले ते या अंकांनी, असे मी म्हणेन.

गीताई लिहून झाली तरी विनोबांनी ती लगेच छापायला दिली नाही. आश्रमातल्या एका लहान मुलीला ती शिकवायला घेतली. ती जिथे अडली तिथे खूण केली आणि शब्द बदलला. गीतेचा जन्मभर अभ्यास केलेला माणूस स्वतःच्या मराठीची परीक्षा एका मुलीकडून करून घेतो, यात मला नम्रतेपेक्षा शहाणपण जास्त दिसते. जी समश्लोकी आईला जड गेली होती, तिच्यापेक्षा हे सोपे झाले की नाही, ते दुसरे कोण सांगणार? आई तर बारा वर्षांपूर्वीच गेली होती.

पहिली आवृत्ती १९३२मध्ये निघाली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे विनोबांचे घरोघर वाचले गेलेले पुस्तक; त्यासाठी त्यांनी लेखणी उचललीच नव्हती.

वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. मूर्ती नाही, छत नाही. उभ्या शिळांवर गीताई कोरलेली आहे. गेलात तर बरोबरच्या लहान मुलाला एखादी शिळा मोठ्याने वाचायला सांगा, आणि ते कुठे अडते का ते ऐका.