अमर कोण, हे कोणी ठरवले?

'अमर चित्र कथा' हे नाव ऐकले नाही असे शिकलेले घर महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. ही मालिका उभी करणारे अनंत पै २४ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईत वारले. 'अंकल पै' म्हणून त्यांचे गुणगान झाले, आठवणी निघाल्या. आता तो भर ओसरला आहे. बहुजन समाजाने त्यांच्या कामाचा हिशेब शांतपणे मांडावा, असे आम्हाला वाटते. जमेची बाजू लपवायची नाही आणि नावेची बाजू माफ करायची नाही, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

मालिकेच्या जन्माची कथा पै स्वतः सांगत. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवर प्रश्नमंजूषा चालू होती. मुलांना ग्रीक पुराणातले उत्तर आले, पण रामाच्या आईचे नाव आले नाही. पै अस्वस्थ झाले आणि त्या अस्वस्थतेतून 'अमर चित्र कथा' निघाली. अस्वस्थता खरी असेल, आम्ही तिच्यावर शंका घेत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. त्याच मुलांना भीमराव आंबेडकरांच्या आईचे नाव विचारले असते तर? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. दीक्षाभूमीला जाणाऱ्या निरक्षर म्हातारीला भीमाबाईंचे नाव ठाऊक होते. पण हे नाव देशाच्या 'संस्कृती'त मोजलेच जात नव्हते. कौसल्या न आठवणे ही राष्ट्रीय शोकांतिका, आणि भीमाबाई माहीत नसणे ही साधी गोष्ट! या मालिकेचा पाया हा असा आहे.

पायावर इमारतही तशीच उठली. कृष्ण आणि राम आधी, आमची माणसे मागाहून. असुर काळे, धिप्पाड आणि विक्राळ. देव आणि राजे उजळ आणि रेखीव. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. आठ वर्षांचे मूल ग्रंथ वाचत नाही, ते चित्र पाहते. काळा रंग म्हणजे वाईट माणूस, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चित्रच शिकवते. चोखामेळा आणि रविदास यांच्यावरही अंक निघाले, पण मंदिराच्या पायरीपाशी उभ्या असलेल्या भक्ताचे कौतुक करणे वेगळे आणि ती पायरी कोणी घातली असे विचारणे वेगळे.

तथागतांच्या बाबतीत तर फरक अगदी स्पष्ट आहे. 'बुद्ध' या अंकात गृहत्यागाची जुनीच कथा येते: म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ही कथा तर्काच्या कसोटीवर घासली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मेलेला पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? त्यांनी कारण दिले रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय यांच्या भांडणात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. एका कथेतला बुद्ध जगाला कंटाळलेला आहे, दुसऱ्या कथेतला बुद्ध अन्यायापुढे उभा आहे. आपल्या मुलांच्या हातात यातला कोणता बुद्ध पडतो, हा क्षुल्लक प्रश्न नाही.

आता जमेची बाजू. १९७९ साली या मालिकेत 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक आला. संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. ती वेळ लक्षात घ्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्याच मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ज्या नावासाठी घरे जळत होती, ते नाव इंग्रजी शाळेतल्या सवर्ण मुलाच्या दप्तरात गेले, हे मानलेच पाहिजे. मात्र या अंकांचा साचाच असा की एक थोर पुरुष स्वतःच्या बुद्धीने वर येतो. महाडला त्याच्यामागून चालणारे हजारो पाय त्या चौकटीत मावत नाहीत. साच्यात बाबासाहेब बसवले, साचा बदलला नाही.

पै हे कोणी कडवे प्रचारक होते, असे आम्ही म्हणणार नाही. ते रसायन तंत्रज्ञान शिकलेले गृहस्थ. 'कृष्ण' या अंकाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी गोवर्धन उचलण्याचा चमत्कार टाळला होता. वाचकांची पत्रे आली आणि पुढच्या आवृत्तीत चमत्कार परत आला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. यातून धडा घ्यायचा तो आपण घ्यावा. विकत घेणारा वाचक मालिकेची दिशा ठरवतो. आपण विकत घेणारे नव्हतो, म्हणून आपली पत्रे तिथे नव्हती.

पैंचे निधन झाले त्याच २०११ साली 'भीमायन' प्रसिद्ध झाले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे. गोरेगावचा प्रवास, बडोद्यातला निवारा, पाण्याची तहान हे सारे त्यात आहे, पण चौकोनी चौकटी नाहीत. माणसे बंदिस्त खोक्यात कोंडायची नाहीत, असे या कलावंतांनी ठरवले. विखारी बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी दिली, मृदू बोलण्याला पक्ष्याचा आकार. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांवरचे 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'ही निघाले. वाट आहे, हे यावरून दिसते.

म्हणून जुने अंक जाळा असे आम्ही सांगत नाही. मूल वाचत असेल तर वाचू द्या, शेजारी बसा आणि विचारा: राक्षस काळाच का? शंबुकाची गोष्ट यात आहे का? आणि पैंकडून एक गोष्ट जरूर शिका. स्वस्त, रंगीत, सोप्या भाषेतले पुस्तक लाखो मुलांपर्यंत सातत्याने पोहोचवणे हे त्यांनी करून दाखवले. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आपला समाज पोत्याने ग्रंथ विकत घेतो. त्या पोत्यात मुलांसाठी रमाई, सावित्रीमाई, महाडचे तळे आणि रोहिणीकाठचा सिद्धार्थ यांची उत्तम चित्रपुस्तके किती असतात? आपल्यात चित्रकार आहेत, लेखक आहेत, छापखाने आहेत. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला चौथा हिस्सा जरी प्रत्येक मंडळाने या कामाला दिला, तरी अमर कोण हे ठरवण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

जयभीम!