सायकी: अळी आणि फुलपाखरू एकच का?

पावसाळ्यात कार्ले-भाजे भागातल्या पायवाटांवर, गवताच्या अगदी वरून वरखाली हेलकावत उडणारं एक नाजूक पांढरं फुलपाखरू दिसतं. पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. इंग्रजीत त्याला ‘सायकी’ म्हणतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे कान इथे टवकारतात, कारण ग्रीक भाषेत या शब्दाचे अर्थ दोन: आत्मा आणि फुलपाखरू.

ॲरिस्टॉटलनेही फुलपाखरासाठी हाच शब्द वापरला. फुलपाखरू अळीपासून होतं, हे त्याने बरोबर नोंदवलं. पण अळी मात्र हिरव्या पानांवर, विशेषतः कोबीच्या पानांवर, आपोआप उपजते असं तो समजला. पानावरचा तो बारीक कण म्हणजे अंडं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आपली सायकी वाघाटीच्या किंवा तिळवणीच्या पानावर एकेक सुटं अंडं घालते. वाघाटी म्हणजे तीच, जिच्या फळांची भाजी आषाढी द्वादशीला उपास सोडताना करतात. अंड्यातून हिरवी अळी निघते, पानं खाते, कात टाकत वाढते. मग कंबरेभोवती रेशमी धाग्याचा आधार घेऊन ती कोषात जाते. तिथे तिचं बरंचसं जुनं शरीर मोडतं आणि नवं घडतं.

आता प्रश्न असा, की पान कुरतडणारी अळी आणि मध पिणारं फुलपाखरू हा एकच जीव का? की एक मेला आणि दुसरा जन्मला? बरं, पंख काही बाहेरून येत नाहीत. त्यांच्या पेशींचे पुंजके अळीच्याच अंगात असतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पतंगाच्या अळ्यांना विजेचे सौम्य धक्के देऊन एक वास टाळायला शिकवलं. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाले, तरी तो वास ते टाळत राहिले! यावरून आत्मा सिद्ध होत नाही; पण देह पालटला तरी काहीतरी टिकतं, एवढं नक्की म्हणता येतं.

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. लोणावळ्यात बंगल्याचं आवार ‘साफ’ करताना काटेरी वाघाटी आणि तिळवण आधी उपटतात. मग कुंड्यांत फुलझाडं लावून आपण फुलपाखरांची वाट पाहतो. अळी आणि फुलपाखरू एकच असतील, तर एकीला हाकलून दुसऱ्याला बोलावता कसं येईल? कुंपणाशी वाघाटीची एक वेल राहू द्या, एवढंच आमचं सांगणं.