बारावीनंतर सैन्यदल : भूदल, नौदल की हवाई दल?

पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन १९५५ मध्ये झाले. भूदल, नौदल व हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात व त्यांच्या शिक्षणाचा खर्च शासन करते. ही संस्था महाराष्ट्राच्या भूमीवर असली, तरी तिची वाट आपल्या ग्रामीण विद्यार्थ्यांना पुरेशी परिचित नाही. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिले. परंतु 'भरती' म्हणजे पहाटेची धाव आणि जवानाची जागा, एवढाच अर्थ अनेक ठिकाणी घेतला जातो. अधिकारीपदाची वाटही बारावीपासूनच निघते, हे पुष्कळांना विशी उलटल्यावर कळते.

निर्णय दहावीनंतरच

प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत शिकत असलेल्यांनाही ती देता येते. वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे आहे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व हवाई दल यांसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक आहेत. म्हणजे दल निवडण्याचा निर्णय बारावीनंतर होतो असे आपण म्हणत असलो, तरी दोन दारे अकरावीच्या प्रवेश अर्जावरच उघडतात किंवा मिटतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला भूदल खुले आहे खरे. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे आहेत, आणि त्याने ते दहावीनंतर सोडलेले असते. हे त्याला वेळीच सांगणारा बहुधा वर्गशिक्षकच असतो.

लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळासमोर पाच दिवसांची कसोटी व वैद्यकीय तपासणी होते. अर्जात दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो गणवेशाच्या रंगावरून किंवा चित्रपटावरून देऊ नये, कामाचे स्वरूप पाहून द्यावा. भूदलात पायदळ, रणगाडा दल, तोफखाना, अभियंते अशी विविधता आहे व सीमेवरील खडतर मुक्काम आहे. नौदलात दीर्घ काळ समुद्रावर राहावे लागते आणि युद्धनौका म्हणजे एक तरंगता कारखानाच असल्याने यंत्रज्ञानाची आवड उपयोगी पडते. हवाई दल म्हणजे केवळ वैमानिक नव्हेत. विमानांची देखभाल व इतर भूकामे करणारे अधिकारीही त्यात असतात. वैमानिकासाठी दृष्टीचे निकष विशेष कडक आहेत व त्याची अभिक्षमता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नेत्रतपासणी, विशेषतः रंग ओळखण्याची, आधीच करून घेतलेली बरी.

मुलींसाठी हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशाने उघडले. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली व मे २०२५ मध्ये त्यातील १७ मुलींनी प्रशिक्षण पूर्ण केले. राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून कार्यरत असून मुलींसाठी अशी संस्था नाशिक येथे आहे. दोन्हीकडील प्रवेश दहावीनंतर होतो, ही बाब शाळांनी फलकावर लावण्याजोगी आहे.

अग्निवीर : पूर्ण माहिती द्यावी

जवान म्हणून जाणाऱ्यांसाठी २०२२ पासून अग्निपथ योजना लागू आहे. सेवा चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये मिळतात व चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जाते व तेवढीच भर शासन घालते. अखेरीस व्याज सोडून सुमारे १० लाख रुपये हाती येतात. कायम सेवेत २५ टक्क्यांपर्यंतच घेतले जातात; उर्वरितांना निवृत्तिवेतन नाही. मुलगा 'कायमचा नोकरीला लागला' असे समजून पालकांनी जमीन गहाण ठेवून खासगी शिकवणीची फी भरू नये, यासाठी ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पैसे घेऊन जागा मिळवून देणारा मध्यस्थ हा फसवणूक करणाराच समजावा.

भूदलाच्या भरतीत आता प्रथम संगणकावरील लेखी परीक्षा होते व नंतर मैदानी चाचणी. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. केवळ धावण्याचा सराव करणारी मुले त्यामुळे पहिल्याच पायरीवर अडतात.

शेवटी एक कागदोपत्री बाब. पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेच्या दाखल्यावर सरसकट १ जून लिहिण्याची रीत होती. संघ लोकसेवा आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीखच ग्राह्य धरतो, आणि काही दिवसांच्या फरकानेही उमेदवार वयोमर्यादेबाहेर जाऊ शकतो. दाखला, आधारपत्र व जन्मनोंद यांतील नाव व तारीख जुळते काय, हे मुख्याध्यापक व ग्रामसेवक यांनी मूल आठवी-नववीत असतानाच पडताळावे. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते.