हप्ता महिन्याचा, ऊस दीड वर्षाचा



ऊसनोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा हल्ली बेण्याच्या जोडीने गाडीचीही चौकशी होते. "साहेब, घरच्यांसाठी कुठली घ्यावी?"

चार मीटरच्या आतली, उंच बांधणीची छोटी गाडी आपल्याला पुरते. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे. मोठ्या गाडीवर ४० टक्के. २०२० साली आलेल्या निसान मॅग्नाइटचे पोट जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच, २०२३ च्या ह्युंदाई एक्स्टरचे १८५. गाळपात ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्या आठवून हा आकडा पाहावा. म्हातारीला मागे बसवून, उतरवून पाहावे.

खरी गोम हप्त्याची. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. हप्ता दर महिन्याला दारात उभा. सोसायटीचे कर्ज फेडून, लागणीचा खर्च बाजूला काढून उरेल त्यातून आगाऊ रक्कम भरा. हप्ता दुधाच्या पैशातून निघत असेल तर खुशाल घ्या. नाहीतर एक हंगाम दम धरा. गाडी थांबते, लागणीची वेळ थांबत नाही.